माहितीच्या वाटेवर नवा दलाल नको!

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापिला. निर्मिक आणि त्याची लेकरे यांच्यामध्ये दलाल नको, हे त्याचे मुख्य सांगणे. आज तुमच्या मोबाइलमधून विद्येची आणि बाजाराची जी वाट घरात आली आहे, तिच्यावरही एक नवा दलाल ठाण मांडू पाहत आहे.

टेलिफोन कंपन्या म्हणतात, “आमच्या जाळ्यावरून गूगल, फेसबुक, नेटफ्लिक्स यांचाच माल फार वाहतो, तेव्हा त्यांनी आम्हांस वाहतुकीचा वाटा द्यावा.” कंपन्यांच्या संघाने २०२३ साली ही मागणी जोराने मांडली. वरवर पाहता ती रास्त भासते. एका सावकाराने दुसऱ्या सावकाराचा खिसा कापला, तर गरिबाचे काय जाते?

जाते, तेच सांगतो. तुम्ही रिचार्ज करता तो कशासाठी? हाच माल घरी आणण्यासाठी. म्हणजे वाहतुकीचे भाडे तुम्ही आधीच मोजले आहे. त्याच पोत्याचे भाडे दुसऱ्या टोकाकडूनही मागणे हा कोठला न्याय? शिवाय जकात भरतो गाडीवाला, पण ती उतरते गिऱ्हाइकाच्या मिठामिरचीत.

“आम्ही फक्त बड्यांकडूनच घेऊ,” असे ते म्हणतात. पण नाका एकदा उभा राहिला की बडा कोण आणि धाकटा कोण, हे नाकेदारच ठरविणार ना? दक्षिण कोरियात असा वाहतूक-आकार चालतो. तेथे ‘ट्विच’ या कंपनीने, इतर बहुतेक देशांच्या दहापट खर्च येतो असे सांगून, २७ फेब्रुवारी २०२४ रोजी आपला धंदा गुंडाळला. ही कंपनी अ‍ॅमेझॉनसारख्या धनाढ्याच्या मालकीची! तिला हा भार पेलला नाही, तर मडकी, घोंगड्या, चपला विकण्यासाठी संकेतस्थळ काढणाऱ्या आमच्या कारागिराने उद्या काय करावे?

फुकटाच्या आमिषालाही भुलू नका. २०१५ साली फेसबुकने एका टेलिफोन कंपनीशी संगनमत करून महाराष्ट्रासह काही राज्यांत निवडक संकेतस्थळे फुकट दाखविण्यास आरंभ केला. पुढे हिचेच नाव ‘फ्री बेसिक्स’ झाले. गरिबाने काय वाचावे हे परक्या शेटजीने ठरवावे काय? त्या वर्षी दहा लाखांहून अधिक पत्रे ‘ट्राय’कडे गेली, आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ‘ट्राय’ने अशा भेदभावाच्या दरांस बंदी केली. सर्व मजकुरास वाट सारखी, हे तत्त्व २०१८ साली सरकारनेही मान्य केले. इंग्रजीत त्यास ‘नेट न्यूट्रॅलिटी’ म्हणतात. आम्ही त्यास सर्वांस खुला पाणवठा म्हणतो.

मनोरे उभारण्यास पैसा लागतो, हे आम्हांस कबूल आहे. त्यासाठी तुमच्याकडून दर घेतला जातोच. आणि खेड्यापाड्यांत जाळे नेण्यासाठी सरकारी निधीही आहे. त्याचा चोख हिशेब मागा. परदेशी कंपन्यांचा नफा सलत असेल, तर सरकारने त्यावर कर बसवून तो खजिन्यात जमा करावा. खाजगी नाकेदार कशाला?

ज्यांना शेकडो वर्षे अक्षर नाकारले गेले, त्यांनी तरी विद्येच्या वाटेवरचा नाका ओळखावा. ‘ट्राय’ लोकांची मते मागविते, तेव्हा गप्प बसू नका. लिहिता येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून लिहून घ्या, पण कळवा.