बदल नेमका कोठे झाला?

संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या मंडळींच्या बोलीत ‘डिफ’ हा शब्द आता नामही आहे आणि क्रियापदही. ‘दोन्ही प्रती डिफ करून पाहा’, ‘आधी डिफ पाठव, मग बोलू’ असे ती सहज बोलतात. ‘डिफरन्स’ या इंग्रजी शब्दाचे शेपूट तोडून तो झाला. या नावाची छोटी आज्ञावली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅकिलरॉय यांनी लिहिली. १९७४ साली युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीबरोबर ती बाहेर पडली. तिच्यामागील रीत त्यांनी व जेम्स हंट यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. दोन्ही प्रतींत एकाच क्रमाने येणाऱ्या ओळींची सर्वांत लांब मालिका शोधावयाची. तिच्याबाहेर उरले ते बदललेले. आज रूढ असलेल्या मांडणीत गळलेल्या ओळीपुढे उणे आणि नव्या ओळीपुढे अधिक चिन्ह पडते, इतकेच.

पुणेकरांना या कामाचे अप्रूप वाटू नये. भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची संहिता १९६६ मध्ये पूर्ण झाली, ती हस्तलिखितांतील पाठभेद एकेक करून टिपूनच. मॅकिलरॉय यांच्या आज्ञावलीने हे कष्ट जवळजवळ फुकट करून टाकले, आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने खरी गोष्ट ती आहे. तपासणी महाग असते तेव्हा ती वरिष्ठांपुरती उरते. लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये ‘पॅच’ म्हणजे ठिगळ नावाची आज्ञावली दिली, तेव्हा संपूर्ण प्रत न पाठविता केवळ फरक पाठवून तो दुसरीकडे जोडता येऊ लागला. आज नवशिक्या प्रोग्रॅमरही मुरलेल्याने केलेला बदल ओळ न् ओळ वाचून हरकत घेतो.

आपल्या कायद्यांच्या वाचकाला मात्र ही सोय नाही. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात वर्षानुवर्षे वित्त विधेयकांनी दुरुस्त्या केल्या. ‘अमुक कलमातील तमुक शब्दांऐवजी पुढील शब्द घालावेत’ अशी त्यांची भाषा. मूळ पुस्तक शेजारी उघडल्यावाचून तिचा अर्थ लागत नाही. दुरुस्ती विधेयकांच्या शेवटी मूळ तरतुदींचे उतारे जोडण्याची प्रथा आहे हे मान्य. परंतु ते ताडून पाहण्याचा भार वाचकावरच पडतो. सेवानियम आणि परीक्षांचे अध्यादेश यांची गत याहून वाईट. ‘सुधारित’ एवढा शिक्का मारून नवी प्रत हाती पडते, आणि रजेच्या कलमातील एक शब्द गळाला हे कारकुनाला अर्ज नामंजूर झाल्यावर कळते.

डिफलाही मर्यादा आहेत. स्वल्पविराम हलला काय किंवा ‘नाही’ हा शब्द घुसला काय, तिच्या लेखी दोन्ही ओळी सारख्याच बदललेल्या. बदल का केला, हे तर ती सांगतच नाही. म्हणूनच २००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेल्या ‘गिट’ प्रणालीत प्रत्येक बदलाबरोबर करणाऱ्याचे नाव, वेळ आणि त्याचा खुलासा नोंदविण्याची सोय आहे.

सरकारने आणि विद्यापीठांनी एवढेच करावे: प्रत्येक सुधारित नियमावलीबरोबर जुना व नवा मजकूर समोरासमोर छापावा आणि बदलाचे कारण दोन ओळींत द्यावे. नियम बदलणाऱ्याला आपण काय बदलले हे ठाऊकच असते. चार पाने अधिक लागतील, ती त्याने सोसावीत.