काढलेला पार्ट कुठे जातो?

गेल्या पावसाळ्यात माझी इलेक्ट्रिक स्कूटर सिंहगड रस्त्यावर तीनदा बंद पडली. तिन्ही वेळा सर्व्हिस सेंटरने कंट्रोलर बदलला, जॉबकार्डावर 'ओके' लिहिलं आणि वर ऐकवलं, "काका, पाण्यातून गाडी घालत जाऊ नका." चौथ्या वेळी मी आमच्या शेजाऱ्यांना सोबत नेलं. भोसरीच्या कारखान्यात त्यांची उभी हयात क्वालिटीत गेली. त्यांनी कंट्रोलरला हात लावला नाही. त्याला जोडलेला कनेक्टर उपसला, चष्मा कपाळावर सरकवला आणि आत पाहिलं. एका पिनेवर हिरवट गंज चढला होता, रबरी सील एका बाजूने दुमडलेलं होतं. पाणी तिथून शिरत होतं. आधी काढलेले तीन कंट्रोलर कोपऱ्यातल्या खोक्यात टाकलेले असावेत. खोक्यातला कुठला पार्ट कुणाच्या गाडीचा, हे सांगणारी चिठ्ठी एकावरही नव्हती.

म्हणून गाड्या का बिघडतात यावर मिळणारं 'गिऱ्हाईकाला गाडी वापरता येत नाही' हे पहिलं उत्तर मला मान्य नाही. पुण्यात विकलेल्या गाडीने पुण्याचा पाऊस सोसलाच पाहिजे.

दुसरं उत्तर, विक्री वाढली म्हणून तक्रारी वाढल्या. यात तथ्य आहे, ते नाकारत नाही. मात्र मग दर हजार गाड्यांमागे किती आणि कुठल्या बॅचमध्ये किती, ते मांडा. नुसत्या विक्रीकडे बोट दाखवून सुटका होत नाही.

तिसरं उत्तर मला सर्वांत घातक वाटतं: ही एकच, सुटी घटना आहे. २६ मार्च २०२२ रोजी पुण्यात ओलाची स्कूटर पेटली आणि देशभर तिचा व्हिडिओ फिरला. प्राथमिक तपासानुसार ही घटना बहुधा एकाच गाडीपुरती आहे, असं कंपनीने सांगितलं. त्याच वेळी त्या बॅचच्या १,४४१ स्कूटर खबरदारी म्हणून तपासणीसाठी परत मागवल्या. मागवल्या हे योग्यच केलं. पण बॅचवर शंका घेण्याजोगं काही असेल तर घटनेला सुटी म्हणण्याची घाई कशाला?

पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्याच कंपनीला नोटीस काढली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर वर्षभरात १०,६४४ तक्रारी आल्या होत्या. ९९.१ टक्के तक्रारींचं निराकरण केलं, असं कंपनीचं उत्तर आलं. तो आकडा खरा धरला तरी माझा प्रश्न उरतोच. माझीही तक्रार तीनदा 'निकाली' निघाली होती. निकाली काढलेली तक्रार म्हणजे सापडलेलं कारण नव्हे, आणि सर्व्हिस सेंटरचं काम तक्रारी किती लवकर बंद झाल्या यावर मोजलं, तर पार्ट बदलून मोकळं होणं हाच तिथल्या पोराला सोपा मार्ग उरतो. त्या पोराला मी दोष देत नाही.

कारण शोधायची विद्या या शहराला नवी नाही. पिंपरी-चिंचवडच्या शॉपफ्लोअरवर तिला 'व्हाय-व्हाय' म्हणतात: गाडी का थांबली, करंट का तुटला, पिन का गंजली, सील का दुमडलं, आणि ते बसवताना कुणाच्या का लक्षात आलं नाही. शेवटचा 'का' कारखान्याच्या दारात जाऊन पोचतो, आणि तिथे पोचायला काढलेला पार्ट हातात लागतो. इलेक्ट्रिक स्कूटरना लागलेल्या आगींनंतर सरकारने एआयएस-१५६ हे बॅटरीचं मानक कडक केलं, तेव्हा सेलच्या उत्पादनाची तारीख दिसेल अशी असावी, हेही त्यात आलं. वस्तूचा माग काढता आला पाहिजे, हे तत्त्व तिथे मान्य झालं आहे. तेच कंट्रोलरला, कनेक्टरला, ब्रेकला लावा. काढलेल्या प्रत्येक पार्टावर गाडीचा नंबर, तारीख आणि किलोमीटर लिहिलेला टॅग हवा. तो पार्ट कारखान्यात उघडला जावा आणि आत काय सापडलं ते गाडीच्या मालकाला लेखी कळावं. एकाच बॅचमध्ये तोच दोष पुन्हा दिसला, तर ते निष्कर्ष वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेपुढे ठेवले जावेत. खर्च वाढेल, हा आक्षेप मला ठाऊक आहे. माझ्या एका गाडीला तीन कंट्रोलर लागले, तो खर्चच होता.

त्या दिवशी शेजाऱ्यांनी काउंटरवरची कागदी चिकटपट्टी मागून घेतली, कनेक्टरभोवती गुंडाळली आणि तिच्यावर गाडीचा नंबर लिहून तो मॅनेजरच्या हातात दिला. "हा खोक्यात टाकू नका," म्हणाले, "कारखान्यात पाठवा."