आधी खोका, मग आवाज
बेंबळी गावच्या रस्त्यावरून ट्रॅक्टर किंवा जीप घुमत गेली की दाद मिळते सबवूफरला. त्याच्या खोक्याकडे कुणी पाहत नाही. स्पीकरच्या शंकूच्या मागची लाट पुढच्या लाटेत मिसळली की बास मरतो, म्हणून ती कोंडायची. बंद खोका नेटका वाजतो. पोर्टचा, म्हणजे हवेला नळी ठेवलेला, खोका जास्त घुमतो, पण पोर्टच्या सुरापेक्षा खालच्या सुरांना शंकूला आवर राहत नाही आणि महागडा स्पीकर फाटू शकतो. पोर्टच्या खोक्याचं गणित ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडलं, रिचर्ड स्मॉल यांनी पुढे नेलं. पोरांनो, स्पीकरसोबतचा कागद वाचा, खोक्याचे लिटर काढा, मगच प्लाय कापा. जोडल्यावर हळू आवाजात ३० ते ८० हर्ट्झचे सूर वाजवून सांध्यांवर हात फिरवा. हवा लागली तर पुन्हा सील करा.