कुकटपल्लीला आला म्हणून

हैदराबादच्या कुकटपल्लीत भ्रमरांबा आणि मल्लिकार्जुन ही थिएटरं आहेत. बड्या नटाचा तेलुगू सिनेमा लागला की दारात ढोल, फटाके, कटआउटला दुधाचा अभिषेक. नेमक्या याच उपनगरात हैदराबादच्या सायबर पोलिसांनी नोव्हेंबर 2025 मध्ये 'आय-बोम्मा' या चोरट्या सिनेमांच्या संकेतस्थळाच्या कथित सूत्रधाराला पकडलं. पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्याने सेंट किट्स अँड नेव्हिस या कॅरिबियन देशाचं नागरिकत्व घेतलं होतं, सर्व्हर परदेशात ठेवले होते आणि तो नुकताच फ्रान्सहून आला होता. बँकेतले 3 कोटी रुपये गोठवले, घरातल्या हार्ड डिस्क ताब्यात घेतल्या. चिरंजीवी, नागार्जुन, राजामौली पोलिस आयुक्त सज्जनार यांना भेटून आभार मानून आले.

आभार योग्यच. पण माणूस आपल्या पायांनी कुकटपल्लीला आला, हेही विसरू नये.

नसता आला तर? तर प्रवास कागदाला करावा लागला असता. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 112 खाली तपास अधिकाऱ्याने न्यायालयाकडे अर्ज करायचा, न्यायालयाने परदेशी न्यायालयाच्या नावे विनंतिपत्र काढायचं, ते केंद्रीय गृह मंत्रालयातून पुढे जायचं, तिकडच्या यंत्रणेने आपला कायदा लावून तपासायचं. एखादा तपशील कमी पडला की कागद त्याच वाटेने माघारी. सरकारी काम अन् सहा महिने थांब, आणि इथे तर सरकारं दोन! अमेरिकेशी आपला परस्पर साहाय्याचा करार 2001 मध्ये झाला, लागू व्हायला 2005 उजाडलं. अंमलदारांचा हा वेग, आणि सर्व्हरवरची नोंद कुणी जपायला सांगितली नाही तर काही आठवड्यांतही पुसली जाते.

हा वेळ वाचावा यासाठीच सायबर गुन्ह्यांवरचा 2001 चा बुडापेस्ट करार झाला. मसुदा ठरवताना आम्हाला विचारलं नाही, म्हणून आपण त्याबाहेर. रुसवा समजण्यासारखा होता. मग संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर 2024 मध्ये सायबर गुन्ह्यांविरुद्धचा करार मंजूर केला. त्याच्या वाटाघाटींना आपण हजर होतो, बोललोही. ऑक्टोबर 2025 मध्ये हनोईत सत्तरच्या आसपास देशांनी सह्या केल्या, त्यांत भारत नव्हता. या कराराने सरकारांच्या हाती पाळतीचं हत्यार येईल, ही मानवी हक्कवाल्यांची भीती पोकळ नाही. पण दिल्ली त्याच भीतीने थांबली असेल, असं मानायला मन धजत नाही.

हनोईनंतर महिना उलटायच्या आत कुकटपल्लीची अटक झाली. हार्ड डिस्क घरातच सापडल्या, हे पोलिसांचं नशीब. परदेशातल्या सर्व्हरवरच्या नोंदींसाठी मात्र विनंतिपत्रच लिहावं लागतं, आणि त्यावर कुकटपल्लीचा पत्ता चालत नाही.