गॅदरिंगपुरता नाच नव्हे

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातला मुलगा गुडघे खरचटून, मनगटाला क्रेप बँडेज गुंडाळून रात्री उशिरा घरी येऊ लागला, की घरात प्रश्न ठरलेला असतो : नाचून पोट भरणार आहे का? मुलगी असेल तर त्याआधी, इतका वेळ कुणाबरोबर होतीस, हाही. मला स्ट्रीट डान्सचं वेड लागलं ते कॉलेजातच. हे दोन्ही प्रश्न मी जवळून ऐकले आहेत आणि माझ्यामागून आलेल्या पोरांच्या घरी आजही ऐकतो. असल्या आक्षेपांपायी चांगले नाचणारे थर्ड इयरच्या आत गळतात, म्हणून त्यांना नीट उत्तर द्यायला हवं.

सर्वांत जुना आक्षेप असा, की ही परकी नक्कल आहे. जन्म परका आहे, हे मान्य. पण नकलेचा आरोप करणाऱ्यांनी या नाचाचा पहिला नियम ऐकलेला नसतो. दुसऱ्याची मूव्ह उचलून आपली म्हणून केली तर तिला ‘बाइटिंग’ म्हणतात आणि सायफरमध्ये, म्हणजे नाचणाऱ्यांच्या गोल रिंगणात, यापेक्षा मोठा गुन्हा नाही. समोरचा नाचणारा तिथल्या तिथे हातांच्या खुणेनं चोरी दाखवून देतो. टॉपरॉक, सिक्स-स्टेप, बेबी फ्रीझ हे फाउंडेशन सगळ्यांचं सारखं; त्यावर स्वतःचं काही रचता आलं नाही तर उभं राहण्यात अर्थ नाही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली ब्रेकिंग या स्ट्रीट डान्सच्या प्रकाराचं परीक्षण पाच निकषांवर झालं : तंत्र, हालचालींचा साठा, सफाई, संगीताची जाण आणि स्वतंत्रता. पाचही निकषांना समान वजन होतं. म्हणजे स्वतंत्रतेला पूर्ण एक पंचमांश वाटा. पाठांतरावर पदवी देणाऱ्या आपल्या परीक्षांत एवढे गुण स्वतःच्या विचाराला कुठे मिळतात?

आणि ‘आपलं’ म्हणजे तरी काय? गिरणी कामगाराच्या पोराने, भगवान पालव यांनी, १९५१च्या ‘अलबेला’त टाकलेली पावलं कोणत्या शास्त्रातली होती? कोणतंही घराणं न सांगणारा तो नाच आज विसर्जनाच्या मिरवणुकीत हजारो पाय नाचतात आणि त्याला कुणी परका म्हणत नाही. लोकांनी रस्त्यावर आपलासा केलेला नाच आपला होतो. लावणीकडेही पांढरपेशा घरांनी कितीतरी काळ नाक मुरडूनच पाहिलं. नाचणाऱ्याला हिणवायला आपल्या बोलीत शब्द आहेत, गौरवायला कमी. या आक्षेपाचं मूळ संस्कृतीच्या काळजीपेक्षा त्या जुन्या तुच्छतेत जास्त आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा आक्षेप जास्त सौम्य आणि म्हणून जास्त घातक : आता उशीर झाला, लहानपणी शिकायला हवं होतंस. शास्त्रीय नृत्याच्या गुरूकडे सहाव्या-सातव्या वर्षी जाणं योग्यच. स्पर्धेच्या शिखरावर पोचायचं तर इथेही लवकर सुरुवात केलेली बरी. पण हा नाच घडवला कोणी ते पाहा. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीत डीजे कूल हर्कने रेकॉर्ड लावल्या, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. ती पार्टी त्याच्या बहिणीने शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घेता यावेत म्हणून ठेवली होती. गाण्यातल्या ज्या तुकड्यात गायन थांबून नुसता ठेका उरतो, तिथे पोरं जास्त जोरात नाचतात हे हर्कच्या लक्षात आलं आणि तो तुकडा तो लांबवत गेला. त्या ‘ब्रेक’वर नाचणारे ते बी-बॉय आणि बी-गर्ल.

लॉकिंग या दुसऱ्या शैलीची गोष्ट तर सरळ कॉलेजचीच आहे. लॉस एंजेलिसच्या ट्रेड-टेक्निकल कॉलेजात १९७०च्या आसपास डॉन कॅम्बेल नावाचा विशीच्या आतबाहेरचा विद्यार्थी होता. तेव्हाचा लोकप्रिय ‘फंकी चिकन’ नाच त्याला जमेना. हात मधेच अडकून थांबायचा. मित्र हसले, बोट दाखवू लागले. त्याने तो थांबा सोडला नाही, पक्का केला, उलट बोट दाखवणंही नाचात घेतलं. त्याला न जमलेल्या नाचातून जगभर शिकवली जाणारी एक शैली उभी राहिली. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी ‘आता उशीर झाला’ असं ऐकणाऱ्या प्रत्येक मुलीला ही हकीकत कुणीतरी सांगायला हवी.

यात शास्त्र नाही, नुसत्या उड्या आहेत, असंही म्हणतात. पॉपिंग ही शैली नाचणाऱ्याच्या शेजारी पाच मिनिटं उभं राहावं : ठेक्यावर नेमका एक स्नायू आवळायचा, त्याच क्षणी सोडायचा, बाकी शरीर स्थिर. एवढं साधायला महिने जातात.

पोट भरण्याचं काय? इथे स्ट्रीट डान्सचे समर्थक वसई-नालासोपारा पट्ट्यातून पुढे आलेल्या किंग्ज युनायटेडचा दाखला देतात. २०१९ साली त्यांनी अमेरिकेत ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ जिंकून दहा लाख डॉलर मिळवले. त्या पोरांचा मला अभिमान आहे, पण हा युक्तिवाद मी वापरणार नाही. नाचणाऱ्या बहुतेकांना असं बक्षीस मिळणार नाही. ब्रेकिंग २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही नाही. तरी नाचाची किंमत तसूभर कमी होत नाही. पदवीच्या तीन वर्षांत किती गोष्टी आपण स्वतः निवडतो? शाखा टक्क्यांनी ठरते, क्लास घरचे ठरवतात. क्रूमध्ये, म्हणजे नाचणाऱ्यांच्या गटात, मात्र कुणी ढकललेलं नसतं. फी नसते, वरच्या वर्षातली मुलगी खालच्या वर्षातल्या मुलाला शिकवते, रिंगणात आडनाव विचारलं जात नाही, आणि बॅटल हरल्यावर जिंकणाऱ्याला मिठी मारून बाहेर यावं लागतं. हे सगळं आमच्या हजेरीपटावरच्या कोणत्याही विषयात मला मिळालं नव्हतं.

दुखापतीची भीती मात्र खरी आहे. मनगट, खांदा, घोटा जातो. पण तो धोका वाढवतो कोण? बंद दुकानाच्या काचेत स्वतःला पाहत, कठीण फरशीवर सराव करायला पोरांना लावतो कोण? पोलीस हटकतात, वॉचमन हाकलतो आणि कॉलेजचा हॉल कुलपात असतो. जपानने २०१२पासून माध्यमिक शाळेत नृत्य सक्तीचं केलं आणि त्यात आधुनिक तालाच्या नृत्याचा पर्यायही ठेवला. आपल्याकडे सक्ती नको, नुसती जागा पुरे.

प्राचार्यांना माझी विनंती एवढीच आहे. गॅदरिंगच्या आधी पंधरा दिवस उघडणारा हॉल वर्षभर रोज संध्याकाळी दोन तास उघडा ठेवा, खाली मॅट अंथरा, भिंतीला आरसा लावा आणि किल्ली विद्यार्थ्यांच्या हाती द्या.