खर्जाचे वॅट

परवा भाच्याने बास गिटारसाठी ३०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला पैसे मागितले आणि माझ्यातला बँक अधिकारी जागा झाला. गिटारवाल्याचे ५० वॅटमध्ये भागते, तुलाच सहापट कशाला?

“मामा, बासची सर्वांत जाड तार सेकंदाला ४१ वेळा कंप पावते. एवढा खर्ज कानाला कमीच ऐकू येतो.”

पटले. पण वॅट दुप्पट केले तरी वाढ फक्त ३ डेसिबलची, हेही त्याच्याच तोंडून निघाले! शिवाय मोठ्या कार्यक्रमात बासचा आवाज वायरीने थेट सभागृहाच्या ध्वनियंत्रणेत जातो. खरा कस लागतो तालमीच्या खोलीत, ड्रमशेजारी. माझ्या मते तिथे वॅट वाढवण्याआधी ड्रमवाल्याला हळू वाजवायला सांगावे.

पैसे काढून ठेवलेत. भाच्याला अजून ड्रमवाल्याशी बोलायचा धीर होत नाही.