जमेच्या बाजूचा माणूस

चौकच्या बाजारपेठेत भुसार मालाचा व्यापार करणाऱ्या एका स्नेह्यांनी गेल्या महिन्यात मला विचारले, "साहेब, गोदामासाठी विश्वासू माणूस हवा आहे. एखादा निवृत्त फौजी पाहा ना, रात्रपाळीला बसवू." त्यांचा हेतू चांगलाच होता, परंतु त्या वाक्याने मला माझी एक जुनी चूक आठवली.

मी शाखाधिकारी असताना माजी सैनिकांसाठी राखीव असलेल्या जागेवर एक लिपिक आमच्याकडे रुजू झाले. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांत लिपिकांच्या साडेचौदा टक्के जागा अशा राखीव असतात. त्यांचे वय चाळिशीच्या आसपास, सैन्यातील सेवा १७ वर्षांची. पहिले तीन महिने ते फार संथ वाटले. प्रत्येक कामापूर्वी स्पष्ट आदेशाची वाट पाहत. ग्राहकाने आवाज चढवला की ताठ उभे राहून गप्प होत. सहकारी त्यांना 'मिलिटरी' म्हणून चिडवीत आणि मी ते थांबवले नाही. मनातल्या मनात मी त्यांना बुडीत खात्यात टाकून मोकळा झालो होतो. पुढे तपासणीच्या तोंडावर जुन्या व्हाउचरांची खोली लावण्याचे काम त्यांच्याकडे आले. आठ दिवसांत प्रत्येक गठ्ठ्याला क्रमांक आणि प्रत्येक कपाटावर यादी लागली. विचारले तेव्हा कळले, ते सैन्यात स्टोअरकीपर होते. तीन महिन्यांत हा प्रश्न मी त्यांना एकदाही विचारला नव्हता.

आपण साठीला निवृत्त होतो. जवान साधारणपणे पस्तिशी ते पंचेचाळिशीच्या दरम्यान घरी परततो. मुले शाळेत असतात, आईवडील थकलेले असतात, घर बांधायचे राहिलेले असते. आजवर शिधा, निवास, औषधपाणी यांची चिंता पलटणीने वाहिलेली असते. पत्नीने मात्र बहुधा ही सारी वर्षे घर, शेत आणि बँकेचे व्यवहार एकटीने सांभाळलेले असतात. त्यामुळे दोघांनाही एकमेकांच्या सवयी नव्याने शिकाव्या लागतात. त्याच सुमारास निवृत्तीची रक्कम हाती येते आणि भूखंड, विमा, भागीदारी सुचविणारे दारात उभे राहतात. व्यवहार कळणाऱ्या शेजाऱ्याने त्याला एवढेच सांगावे, की पहिले वर्षभर ती रक्कम मुदत ठेवीत राहू द्या. त्या सल्ल्याचे मोल मोठे असते.

आता प्रश्न अधिक निकडीचा होत आहे. जुन्या पद्धतीने भरती झालेल्या जवानाला किमान १५ वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतन मिळते. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत सेवा चार वर्षांची आहे. त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर नियमित सेवेत घेतले जातात. उरलेल्यांना सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी मिळतो, निवृत्तिवेतन नाही. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागतात. जिथे महाडजवळच्या एका गावाला फौजी आंबवडे असेच नाव पडले आहे, त्या आपल्या रायगड जिल्ह्यातही हे पंचविशीच्या आतबाहेरचे तरुण परततील.

दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिनाच्या निधीला आपली समाजमंडळी सढळ हाताने देणगी देतात. ती द्यावीच. परंतु पेढी आणि कारखाना चालविणाऱ्यांच्या हाती निधीहून मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे योग्य काम. चौकपासून खोपोलीपर्यंत गोदामे, वाहतूक आणि कारखाने यांची कमतरता नाही.

त्यासाठी तीन गोष्टी कराव्यात. माणूस हवा असल्यास अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी संपर्क साधावा. उमेदवाराचे डिस्चार्ज बुक नीट वाचावे. त्यात त्याचे सैन्यातील काम, हुद्दा व वर्तणुकीची नोंद असते. चालक, वाहन दुरुस्ती, वायरमन, लिपिक, स्वयंपाकी, परिचारक असे कितीतरी अनुभव तेथे सापडतात. आणि पहिले सहा महिने दुकानातील एका जाणत्या माणसावर त्याला शिकविण्याची जबाबदारी सोपवावी. जीएसटीचे बिल, उधारीची वही, ग्राहकाशी घासाघीस हे त्याच्यासाठी नवे असते. त्याच्या गप्प राहण्याला मंदपणा समजू नये, ही विनंती मी स्वतःच्या अनुभवावरून करतो.

आमचे ते लिपिक पुढे रोखपाल म्हणून सन्मानाने निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी मी त्यांची क्षमा मागितली. ते हसून म्हणाले, "साहेब, तुम्ही विचारलंत तरी."

चौकच्या स्नेह्यांना मी हे सारे सांगितले. परवा ते अलिबागला जाऊन आले. मालाची आवक-जावक सांभाळणारा माणूस पाहत आहेत. रात्रपाळीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.